जड तेलाच्या संशोधनात मोजतात तरी काय?

पुण्यात पेट्रोलियम इंजिनिअरिंग शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: "जड तेल घट्ट असतं, तापवलं की पातळ होतं. एवढ्याशा गोष्टीवर विद्यापीठं आणि तेलकंपन्या मिळून वर्षानुवर्षं संशोधन का करतात? शोधायचं काय उरलंय? आणि कॅनडातल्या अथाबास्काच्या तेलाची व्हिस्कॉसिटी, म्हणजे घट्टपणा, एका पेपरात दिसते त्याच्या कितीतरी पट दुसऱ्या पेपरात असते, मग खरी कोणती?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातच पहिल्या दोघांचं उत्तर आहे. दोन्ही आकडे खरे असू शकतात. हलक्या क्रूडच्या बाबतीत तापमान आणि दाब सांगितला की व्हिस्कॉसिटी जवळपास ठरते. जड तेलात मात्र नमुना कुठून घेतला, त्यातून पाणी आणि वाळू कशी काढली, त्यात गॅस विरघळलेला होता का, मोजताना किती वेगाने ढवळलं, या सगळ्यावर आकडा बदलतो. माझी नोकरीची बरीच वर्षं अशा नमुन्यांबरोबर गेली. माझं मत विचाराल तर या क्षेत्रातलं निम्मं संशोधन 'आपण नेमकं काय मोजलं' हे कळून घेण्यासाठीच चाललंय, आणि त्यात काही गैर नाही.

आधी व्याख्या उरकून घेऊ. तेल किती जड हे सांगणाऱ्या एपीआय मोजपट्टीवर पाणी १० वर येतं. आकडा जितका कमी तितकं तेल जड. साधारणपणे २२.३ च्या खालचं ते जड तेल, १० च्या खालचं अतिजड, आणि साठ्यातल्या तापमानाला व्हिस्कॉसिटी १०,००० सेंटिपॉइजच्या वर गेली की त्याला बिट्युमेन म्हणतात. पाण्याची व्हिस्कॉसिटी १ सेंटिपॉइज असते, एवढं लक्षात ठेवलं की पुढचे आकडे डोक्यात बसतात. तुलनेसाठी, आपलं बॉम्बे हायचं क्रूड ३८-३९ एपीआयच्या आसपासचं, म्हणजे या चर्चेच्या अगदी दुसऱ्या टोकाचं आहे.

आता एक गंमत बघा. व्हेनेझुएलातल्या ओरिनोको पट्ट्यातलं तेल साधारण ८ ते १० एपीआयचं आणि कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं अथाबास्काचं बिट्युमेनही ८ च्या आसपासचं. कागदावर दोघं सख्खे भाऊ. पण ओरिनोकोचा साठा ५० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला आहे, त्यामुळे तिथलं तेल वाफ न देताही आडव्या विहिरींतून वाहतं. अथाबास्काचा साठा उथळ आणि थंड, जेमतेम १० अंशांचा. तिथे तेच तेल दहा लाख सेंटिपॉइजच्या वर जातं आणि जागचं हलत नाही. २०० अंशांपर्यंत तापवलं की मात्र ते १० सेंटिपॉइजच्या घरात येतं. पाच शून्यांचा फरक! म्हणून नुसता एपीआय सांगून कोणी जड तेलाबद्दल निष्कर्ष काढायला लागलं की मी आधी साठ्याचं तापमान विचारतो.

आता प्रयोगशाळेत जाऊ. अथाबास्काचं बिट्युमेन बाटलीत भरून येत नाही. येतो तो गोठवलेला कोअर, म्हणजे तेलाने काळी पडलेली वाळू, पाणी आणि थोडी चिकणमाती यांचा दंडगोल. त्यातून तेल वेगळं काढायची नेहमीची पद्धत म्हणजे टोल्युइन या सॉल्व्हंटने, म्हणजे तेल विरघळवणाऱ्या द्रवाने, धुणं. डीन-स्टार्क उपकरणात टोल्युइन उकळत ठेवायचं. पाणी वेगळ्या नळीत जमतं, वाळू जाळीत राहते, तेल टोल्युइनबरोबर खाली उतरतं. मग रोटरी इव्हॅपोरेटरवर व्हॅक्यूम लावून टोल्युइन उडवायचं.

गोम इथेच आहे. टोल्युइन ११० अंशांना उकळतं, बिट्युमेनचे स्वतःचे हलके घटक त्याच्या बरेच वर. त्यामुळे वाटतं की वेगळं करणं सोपं आहे. पण शेवटचं एक-दोन टक्के टोल्युइन त्या घट्ट गोळ्यातून निघता निघत नाही. ते राहू दिलं तर व्हिस्कॉसिटी खऱ्यापेक्षा कितीतरी कमी येते, कारण एवढंसं सॉल्व्हंटही बिट्युमेनला खूप पातळ करतं. चिकाटीने तापवत आणि व्हॅक्यूम वाढवत राहिलात तर टोल्युइनबरोबर तेलाचे स्वतःचे हलके घटकही निघून जातात आणि आकडा खऱ्याच्या वर जातो. खरा आकडा या दोन चुकांच्या मध्ये कुठेतरी, आणि दोन प्रयोगशाळा दोन वेगळ्या ठिकाणी थांबतात. म्हणून काही जण सॉल्व्हंट टाळून सेंट्रिफ्यूजने किंवा दाबून तेल पिळून काढतात. त्यात टोल्युइन नसतं, पण सूक्ष्म पाण्याचे थेंब आणि माती तेलात राहून जाते आणि ती व्हिस्कॉसिटी वाढवते. चांगली प्रयोगशाळा दोन्ही पद्धतींनी नमुना काढते, घटक वेगळे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर टोल्युइनचं टोक तपासते, कार्ल फिशर चाचणीने पाणी मोजते आणि मगच व्हिस्कॉसिटीच्या यंत्राकडे वळते.

त्या यंत्राचंही ऐका. थंड बिट्युमेनच्या बाबतीत एका अंशाच्या फरकाने व्हिस्कॉसिटी दहा-पंधरा टक्क्यांनी हलते. शिवाय जोरात फिरवलं की घर्षणाने नमुनाच तापतो आणि आकडा उतरायला लागतो. नवखा विद्यार्थी लगेच लिहितो की द्रव नॉन-न्यूटनियन आहे, म्हणजे ढवळण्याच्या वेगाप्रमाणे त्याची व्हिस्कॉसिटीच बदलते. बऱ्याचदा ते नुसतं तापलेलं तेल असतं. वेग कमी करून, थांबून पुन्हा मोजलं की पहिला आकडा परत येतो.

विहिरीच्या तोंडावर घेतलेल्या नमुन्यांची कथा आणखी निराळी. पंप अडकू नये म्हणून ऑपरेटर विहिरीत वरून पातळ तेल सोडतात आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर ते लिहायचं राहून जातं. एकदा एका कंपनीकडून आलेला नमुना शेजारच्या विहिरींच्या मानाने इतका पातळ निघाला की त्यांच्या भूशास्त्रज्ञांनी साठ्यात वेगळा कप्पा सापडल्याची मांडणी सुरू केली होती. क्रोमॅटोग्राम पाहिल्यावर कळलं, त्यात नाफ्थ्याचा, म्हणजे वरून सोडलेल्या पातळ तेलाचा, स्वच्छ उंचवटा होता. कप्पाबिप्पा काही नव्हता.

आणि हे सगळं झालं 'मेलेल्या' तेलाचं, म्हणजे गॅस निघून गेलेल्या. साठ्यातल्या तेलात मिथेन विरघळलेला असतो आणि तो तेलाला कित्येक पट पातळ ठेवतो. प्रयोगशाळेत तो परत विरघळवायचा तर दाबाच्या सिलिंडरमध्ये तेल आणि गॅस एकत्र हलवत ठेवावे लागतात. हलक्या क्रूडला काही तास पुरतात. बिट्युमेनमध्ये गॅस इतका सावकाश शिरतो की दिवसच्या दिवस जातात. घाई केली तर अर्धवट भिजलेल्या तेलाचा आकडा मिळतो. तोही कुठल्यातरी पेपरात छापून येतो.

समजा, प्रयोगशाळेत सगळं चोख झालं. तरी साठ्याचा एकच आकडा मिळेल असं नाही, कारण साठ्यातलं तेल वर एक आणि खाली एक असतं. जड तेल मुळात जड जन्मत नाही. ८० अंशांपेक्षा थंड साठ्यात पाण्याजवळ राहणारे सूक्ष्मजीव लाखो वर्षं तेलातले सोपे हायड्रोकार्बन खातात आणि जड अवशेष मागे ठेवतात. कॅल्गरी विद्यापीठातले स्टीव्ह लार्टर आणि त्यांचे सहकारी यांचं यावरचं काम वाचण्यासारखं आहे. जिवाणूंची पंगत तेल-पाण्याच्या सीमेवर बसते, म्हणून तळाचं तेल जास्त खाल्लेलं आणि जास्त घट्ट. काही दशक मीटर जाडीच्या एकाच थरात वरपासून खालपर्यंत व्हिस्कॉसिटी कित्येक पटींनी वाढत जाते. आता तेल तापवायला वाफ सोडायची विहीर नेमकी तळाशी खोदतात, म्हणजे सगळ्यात घट्ट तेलात. सिम्युलेशनमध्ये मात्र बरेच इंजिनिअर साऱ्या थराला एकच सरासरी व्हिस्कॉसिटी देऊन मोकळे होतात आणि मग प्रत्यक्ष उत्पादन अंदाजाएवढं का येत नाही म्हणून डोकं खाजवतात.

अस्फाल्टीनबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिथे हाच घोळ रेणूंच्या पातळीवर दिसतो. अस्फाल्टीन हे एखाद्या संयुगाचं नाव नाही. जे टोल्युइनमध्ये विरघळतं आणि हेप्टेनमध्ये विरघळत नाही ते अस्फाल्टीन, अशी त्याची व्याख्या आहे. हेप्टेनऐवजी पेंटेन वापरलं की त्याच तेलातून जास्त गाळ पडतो. म्हणजे 'या तेलात अस्फाल्टीन किती टक्के' याचं उत्तर बाटलीवरच्या लेबलावर अवलंबून. त्याच्या रेणूचं वजन किती, यावर तर काही दशकं वाद चालला. बाष्पदाबावर आधारलेल्या पद्धतीने काही हजार यायचं. श्लुम्बर्जे या तेलक्षेत्र-सेवा कंपनीचे ऑलिव्हर मुलिन्स प्रकाशीय पद्धतीने अत्यंत विरळ द्रावणात मोजायचे तर ७५० च्या आसपास. उलगडा असा की हे रेणू एकमेकांना चिकटून गुच्छ करतात. एका पद्धतीने गुच्छाचं वजन केलं, दुसरीने सुट्या रेणूचं. २०१५ मध्ये झुरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेने अणुबल सूक्ष्मदर्शकाने सुट्या अस्फाल्टीन रेणूंची चित्रंच घेतली: मध्ये सपाट वलयांचा गाभा, कडेने छोट्या साखळ्या. तरी प्रत्यक्ष तेलात, प्रत्यक्ष प्रमाणात हे गुच्छ कसे वागतात यावर अल्बर्टा विद्यापीठातले मरे ग्रे वेगळं चित्र मांडत आले आहेत. कॅल्गरीत हार्वी यारंटन यांच्या गटाने रेणूच्या रूपाच्या वादात फार न शिरता, सॉल्व्हंट घातल्यावर किती अस्फाल्टीन पडेल आणि मिश्रणाची व्हिस्कॉसिटी किती होईल याची गणितं बसवली. कंपन्यांना रोज लागतं ते हेच. मला स्वतःला हा व्यावहारिक मार्ग जास्त पटतो, पण रेणूचा वाद झाला नसता तर गणितातले आकडे कशाचे हे कळलं नसतं, हेही खरं.

आता मला सगळ्यात जवळचा विषय: वेग. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात १९२७ पासून एका नरसाळ्यात डांबरासारखं पिच ठेवलंय. हातोडा मारला तर ते काचेसारखं फुटतं, पण नुसतं ठेवलं तर सात ते तेरा वर्षांनी एक थेंब पडतो. नववा थेंब २०१४ मध्ये सुटला. द्रव की घन, हे तुम्ही त्याला किती वेळ देता यावर ठरतं. जड तेल तसंच. आणि यात भूकंपलहरींनी साठा पाहणाऱ्यांची मोठी पंचाईत होते.

कारण असं की वाफ कुठवर पोचली हे बघायला जमिनीवरून लहरी पाठवतात. तेल तापलं की खडकातून लहरींचा वेग घटतो, तो नकाशावर दिसतो. अल्बर्टातल्या कोल्ड लेकसारख्या ठिकाणी ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा असं सर्वेक्षण करून वाफेचा फैलाव पाहिला गेला आहे. पण वेग किती घटला म्हणजे तापमान किती वाढलं, हे सांगायला प्रयोगशाळेचं मोजमाप लागतं. प्रयोगशाळेत वापरतात अल्ट्रासाउंड, दहा लाख हर्ट्झच्या आसपास. विहिरीत उतरवून लहरींचा वेग मोजणारा सोनिक लॉग चालतो काही हजार हर्ट्झवर. जमिनीवरच्या लहरी १० ते १०० हर्ट्झच्या. पाणी किंवा हलकं तेल असेल तर या फरकाने फार बिघडत नाही. जड तेलाला मात्र दहा लाख हर्ट्झचा धक्का हातोड्यासारखा वाटतो, ते घन पदार्थासारखं वागतं आणि त्यातून आडव्या कंपनाची लहरही जाते, जी द्रवातून जायलाच नको. तेच तेल त्याच तापमानाला ५० हर्ट्झवर द्रवासारखं सैल असतं. म्हणजे प्रयोगशाळेतला वेग जसाच्या तसा प्रत्यक्ष साठ्यावर वापरला तर तापमानाचा नकाशा चुकतो.

कोलोरॅडो स्कूल ऑफ माइन्समधले माइक बॅट्झल आणि ह्यूस्टन विद्यापीठातले दे-हुआ हान यांनी अनेक कंपन्यांचा एक संघ बांधून यावर काम केलं. बॅट्झल यांनी काही हर्ट्झपासून मोजता येईल असं यंत्र उभं केलं. खडकाचा तुकडा इतका हलका ताणायचा की विकृती, म्हणजे लांबीतला बदल, कोटीत एका भागाच्या आसपास राहावी, आणि तेवढ्यातून ताठरपणा काढायचा. टेक्सासमधल्या उवाल्डी इथल्या, पाण्यापेक्षाही जड तेलाने भरलेल्या खडकावर त्यांनी कमी आणि जास्त वारंवारतेची मोजमापं शेजारी शेजारी ठेवली तेव्हा फरक डोळ्यांत भरणारा निघाला. हान यांच्या गटाने तापमानाचे दोन टप्पे वेगळे केले: एक, ज्याच्या वर तेल अल्ट्रासाउंडलाही द्रवच वाटतं, दुसरा, ज्याच्या खाली ते काचेसारखं गोठतं. मधल्या पट्ट्यात ते अर्धवट घन, आणि अल्बर्टाचे थंड साठे या पट्ट्यातच पडतात.

छिद्रातल्या द्रवावरून खडकातल्या लहरींचा वेग काढणारं गासमानचं समीकरण तुमच्या अभ्यासक्रमात असेलच. त्यात गृहीत धरलंय की छिद्रातल्या द्रवाला आकारबदलाचा विरोध नसतो. इथे तो असतो, म्हणून समीकरण मुळातच लागू होत नाही. तरी सॉफ्टवेअरमध्ये बटण आहे म्हणून ते वापरलेलं मी कितीदा पाहिलंय! यातला दुसरा त्रास असा की तेल फक्त छिद्रं भरत नाही, वाळूचे कण एकमेकांना चिकटवतं. थंडीत तेच सिमेंट, उष्णतेत तेच वंगण. खडकाचा सांगाडा आणि द्रव वेगळे मोजून नंतर जोडायचे, ही साऱ्या विषयाची पद्धतच इथे कोलमडते.

वेगाचा हाच खेळ उत्पादनातही दिसतो. अल्बर्टा आणि सास्कॅचेवानच्या सीमेवरच्या लॉइडमिन्स्टर भागात विहिरी मुद्दाम वाळूसकट उपसतात. तिथलं उत्पादन पुस्तकी हिशेबापेक्षा कितीतरी जास्त आलं तेव्हा कारण शोधलं गेलं. दाब उतरताना सुटणारा गॅस हलक्या तेलातल्यासारखा एकत्र येऊन निसटत नाही. घट्ट तेलात बारीक बुडबुडे अडकून राहतात आणि फेसाळ तेल वाळूतून पुढे ढकललं जातं. कॅल्गरीचे ब्रिज मैनी यांनी यावर खूप काम केलं. प्रयोगशाळेत दाब भराभर उतरवला तर तेल जास्त निघतं, सावकाश उतरवला तर कमी, कारण बुडबुड्यांना एकत्र यायला वेळ मिळतो. मग विहिरीतला खरा दर प्रयोगशाळेच्या कुठल्या दराशी जुळवायचा? यावर अजून वाद घालता येतो.

कंपन्या आणि विद्यापीठं एकत्र का येतात, याकडे वळू. अल्बर्टाचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. १९२० च्या दशकात कार्ल क्लार्क यांनी गरम पाण्याने वाळूतून बिट्युमेन सोडवण्याची पद्धत अल्बर्टा विद्यापीठाच्या आवारात बसवली. ती मोठ्या खाणीत व्यावसायिकरीत्या उतरायला १९६७ उजाडलं. खाणीने मिळतं ते वरवरचं. खोल थरांसाठी १९७४ मध्ये प्रांत सरकारने ऑस्ट्रा ही संशोधनसंस्था स्थापली. इंपीरियल ऑइल कंपनीत असताना रॉजर बटलर यांनी दोन आडव्या विहिरी एकावर एक ठेवण्याची कल्पना मांडली होती: वरच्या विहिरीतून वाफ सोडायची, तापलेलं तेल गुरुत्वाकर्षणाने खालच्या विहिरीत झिरपू द्यायचं, मध्ये अंतर साधारण पाच मीटर. कल्पना देखणी, पण तेव्हा आडव्या विहिरी इतक्या अचूक खोदता येत नव्हत्या आणि एकट्या कंपनीला हा जुगार झेपण्यासारखा नव्हता. ऑस्ट्राने फोर्ट मॅकमरीजवळ तेलथराच्या खालच्या चुनखडकात उभे कूपक आणि बोगदे खणले आणि बोगद्यातून वरच्या तेलथरात विहिरी घातल्या. १९८७ मध्ये वाफ सोडली, तेल झिरपलं. बटलर तोवर कॅल्गरी विद्यापीठात शिकवत होते. पहिला व्यावसायिक प्रकल्प आला २००१ मध्ये, फॉस्टर क्रीकला. कल्पनेपासून कमाईपर्यंत निदान दोन दशकं गेली. कुठल्याही कंपनीचा तिमाही हिशेब एवढा थांबत नाही, म्हणून असे संघ लागतात.

त्या संघांचं रोजचं रूप साधं आहे. दहा-पंधरा कंपन्या वार्षिक वर्गणी भरतात, विद्यापीठ विद्यार्थी आणि यंत्रं पुरवतं, सभासदांना निकाल आधी कळतात, पेपर नंतर छापतात. यात विद्यार्थ्याचा फायदा म्हणजे खरे नमुने हाताशी येतात. तोटा म्हणजे तुमच्या प्रबंधात ते 'तेल अ', 'तेल ब' म्हणून येतात आणि दुसऱ्या कोणाला तपासता येत नाहीत. मला सगळ्यात खटकतं ते असं की न जमलेल्या प्रयोगांच्या नोंदी सभासदांच्या कपाटात राहतात आणि दुसरा गट तीच वाट पुन्हा चालून येतो. तेलाचा भाव पडला की वर्गणी थांबते हे वेगळंच. व्हेनेझुएलात तर राजकारणाने घाव घातला: सरकारी कंपनीच्या इंटेव्हेप या संशोधनसंस्थेने बिट्युमेन पाण्यात मिसळून ओरिमल्शन नावाचं इंधन बनवलं होतं, ७० टक्के बिट्युमेन आणि उरलेलं पाणी. २००२-०३ च्या संपानंतर कंपनीतल्या हजारो लोकांना काढून टाकण्यात आलं, आणि जड तेलाचा अनुभव असलेली माणसं जगभर पांगली.

आपल्याकडे काय? गुजरातेत मेहसाण्याजवळचे बालोल आणि संथाल. ओएनजीसीने ७० च्या दशकाच्या सुरुवातीला हाती घेतलेली ही क्षेत्रं. तेल काहीशे सेंटिपॉइजपर्यंतचं, म्हणजे कॅनडाच्या मानाने सौम्य, पण खालून येणारं पाणी पातळ असल्याने ते तेलाला ओलांडून आधी विहिरीत शिरायचं. साठा हजार मीटरच्या आसपास खोल असल्याने वाफ तिथवर पोचेपर्यंत बरीच उष्णता वाटेत जायची. म्हणून खाली हवा सोडून तेलाचाच थोडा भाग जाळायचा आणि त्या उष्णतेने बाकीचं पुढे ढकलायचं, ही पद्धत निवडली. १९९० मध्ये बालोलला चाचणी झाली, १९९७ मध्ये व्यावसायिक काम सुरू झालं. अशी आग वर्षानुवर्षं सांभाळणारी क्षेत्रं जगात मोजकी आहेत.

इथेही मोजमापाचाच प्रश्न आहे. ऑक्सिजन तेलाशी ३०० अंशांच्या खाली नुसता जोडला गेला तर तेल जळत नाही, उलट आणखी घट्ट होतं. ३५० च्या वर पोचलं तरच खरं ज्वलन. कुठल्या तेलाला किती हवा लागेल हे लांब नळीत वाळू-तेल भरून, एका टोकाला पेटवून, दर इंचाचं तापमान नोंदवून काढतात. कॅल्गरीचे गॉर्डन मूर आणि राज मेहता यांचा गट यात नावाजलेला. ओएनजीसीची अहमदाबादची साठा-अभ्यास संस्था हे काम आपल्याकडे करते. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात बाघेवाला इथे ऑइल इंडियाकडे याहून कितीतरी घट्ट तेल आहे. तिथे वाफ सोडून, थांबून, त्याच विहिरीतून तेल उपसण्याची पद्धत वापरतात. ही पद्धत मुळात अपघाताने हाती लागली: १९५९ मध्ये व्हेनेझुएलात मेने ग्रांदेला शेलच्या वाफेच्या प्रयोगात वाफ जमिनीवर फुटली, दाब सोडायला विहीर उघडली तर तिच्यातून तेलच यायला लागलं.

'शोधायचं काय उरलंय' यावर माझी यादी छोटी आहे. पहिलं, सॉल्व्हंट. वाफ बनवायला गॅस जाळावा लागतो, कार्बनचा हिशेब वाढतो. म्हणून वाफेबरोबर किंवा तिच्याऐवजी प्रोपेन-ब्युटेन वापरायचे प्रयत्न चालू आहेत. त्यासाठी सॉल्व्हंट बिट्युमेनमध्ये किती वेगाने शिरतो हे हवं, आणि प्रकाशित आकड्यांत दहा-दहा पटींची तफावत आहे. दुसरं, सांडलेलं तेल. जुलै २०१० मध्ये अमेरिकेत मिशिगनमध्ये एन्ब्रिज कंपनीची पाइपलाइन फुटली आणि पातळ केलेलं बिट्युमेन कलामाझू नदीत गेलं. हलका भाग उडाला, उरलेलं नदीच्या गाळाला चिकटून तळाशी बसलं, आणि तरंगत्या तेलासाठी बनवलेली सगळी साधनं अपुरी पडली. सफाई कित्येक वर्षं चालली. हे तेल कुठल्या पाण्यात, किती गाळात, किती दिवसांनी बुडतं, हा निव्वळ गुणधर्मांचा प्रश्न आहे आणि त्याला अजून पुरेशी उत्तरं नाहीत. तिसरं, मघाचं कमी वारंवारतेचं मोजमाप. अशी यंत्रं जगात थोडी आहेत आणि एकेका नमुन्याला फार वेळ लागतो.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर कॅल्गरीला अर्ज करायच्या आधी एक करून बघा. कॉलेजात जड क्रूड मिळणं कठीण, पण रस्त्याचं व्हीजी-३० डांबर सहज मिळतं. त्याची प्रमाणित व्हिस्कॉसिटी ६० अंशांना २४०० ते ३६०० पॉइज असते, म्हणजे सेंटिपॉइजमध्ये शंभर पट, आणि १३५ अंशांना किमान ३५० सेंटिस्टोक (हे एकक म्हणजे घनतेने भागलेली व्हिस्कॉसिटी). आधी ते आकडे तुमच्या यंत्रावर येतात का बघा. मग १, २, ५ टक्के टोल्युइन मिसळून, सीलबंद ठेवून, पुन्हा मोजा. मग तेच टोल्युइन उडवून मूळ आकड्यावर परत येता येतं का ते पाहा. परत येता येत नाही असं दिसेल. किती चुकलं आणि कोणत्या दिशेला, हे तापमान आणि व्हॅक्यूमच्या नोंदींसकट लिहून काढा. अर्जासोबत एवढी चार पानं जोडलीत तर कुठलाही प्राध्यापक ती वाचेल. टोल्युइनचं सगळं काम फ्यूम हूडखाली करा, उघड्या हीटरपासून लांब, आणि डांबर तापवताना झाकण घट्ट लावू नका.